शोधल्याशिवाय सापडत नाही

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक विषबाधा होऊन दवाखान्यात येऊ लागले. २० हून अधिक जणांचा जीव गेला. कोणी कधी फवारणी केली, पंपात कोणते औषध होते, त्रास किती वेळात सुरू झाला, हे सगळे घरच्यांना ठाऊक होते. म्हणूनच ओरड झाली, सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. विष म्हणजे काय, याची आपली समज अशाच प्रसंगांतून घडलेली आहे. ज्याच्या अंगात गेले त्यालाच ते बाधते, लवकर बाधते, आणि जास्त गेले तर जास्त बाधते. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितलेले तत्त्वही हेच: कोणताही पदार्थ विष ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे. हे तत्त्व खोटे नाही. सुरक्षित मर्यादा ठरवण्याचे जगभरचे कायदे त्यावरच उभे आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण प्रस्तुत पुस्तकात ज्या रसायनांची चर्चा आहे, ती या समजुतीत बसत नाहीत. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात ती ढवळाढवळ करतात. आईच्या अंगात गेलेल्या रसायनाची बाधा पोटातल्या बाळाला होते आणि ती दिसते ते मूल वयात आल्यावर किंवा त्याच्या पन्नाशीत. तोवर आईने काय घेतले होते, हे कोणाला आठवतही नाही. त्यामुळे या विषयात धोका किती हे विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: धोका असेल तर तो आपल्याला दिसेल अशी काही व्यवस्था आपण केलेली आहे का? माझे म्हणणे असे की बहुतांशी केलेली नाही, आणि जे काही आजवर सापडले त्यातले बरेचसे योगायोगाने सापडले.

शरीराचे हे संप्रेरकांचे तंत्र किती थोड्या मात्रेवर चालते ते आधी ध्यानात घ्यायला हवे. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर पाळी येणाऱ्या स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेन गटातल्या संप्रेरकाचे त्यांतले काही डझन ते काही शे भाग असतात. एवढ्यावर पाळीचे चक्र फिरते, हाडे टिकतात, गर्भधारणा होते. पेशींमध्ये या संप्रेरकांसाठी ग्राही नावाची प्रथिने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे संप्रेरक ग्राहीत बसते आणि पेशीतील विशिष्ट जनुके कामाला लागतात. पण ग्राही किल्लीचा आकार पाहतो, ती कोणी घडवली हे पाहत नाही. बाहेरून आलेला रेणू पुरेसा जुळला तर तो खोटा निरोप देतो, नाहीतर खरा निरोप अडवतो. काही रसायने ग्राहीला हातही लावत नाहीत, संप्रेरक तयार करणाऱ्या किंवा मोडणाऱ्या विकरांवरच परिणाम करतात. प्रौढ माणसात असा गोंधळ पुष्कळदा तात्पुरता असतो. गर्भाचे तसे नाही. तिथे संप्रेरके अवयव घडवत असतात. मुलग्याची जननेंद्रिये गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉनच्या सांगण्यावरून घडतात. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेशी चालू होईपर्यंत त्याचा मेंदू आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतो. त्या ठरावीक आठवड्यांत चुकीचा निरोप गेला, तर नंतर रसायन शरीरातून पूर्ण निघून गेले तरी घडण बदललेलीच राहते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल ऊर्फ डीईएस या औषधाने दिला. चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये लंडनमध्ये हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. त्याचे पेटंट घेतलेले नसल्याने कोणीही ते बनवू शकत होते. गर्भपात टळतो या समजुतीने अमेरिकेत चाळीसच्या दशकापासून लाखो गरोदर स्त्रियांना ते दिले गेले. १९५३ मध्ये शिकागोतील एका मोठ्या चाचणीने दाखवले की या औषधाचा गर्भ टिकवण्यासाठी काहीच उपयोग होत नाही. तरीही ते आणखी १८ वर्षे दिले जात राहिले, कारण आईला काही अपाय होताना दिसत नव्हता आणि बाळेही वरकरणी धडधाकट जन्मत होती. १९७१ मध्ये बोस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योनिमार्गाचा कर्करोग झालेल्या आठ तरुण मुलींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांची वये १५ ते २२ होती आणि हा रोग तोवर बहुधा उतारवयातच दिसत असे. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ आयांपैकी एकीनेही घेतले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणी हे औषध देऊ नये असे सांगितले. पुढे कळले की कर्करोग साधारण हजारात एका मुलीला झाला, पण गर्भाशयाची सदोष घडण, वंध्यत्व, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे हे कितीतरी अधिक जणींच्या वाट्याला आले. मला यातली जी गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते ती शोध कसा लागला ही. रोग अतिशय दुर्मीळ होता, रुग्ण एकाच शहरात गोळा झाले होते आणि औषध डॉक्टरने लिहून दिलेले असल्याने त्याची नोंद होती. यातली एक गोष्ट जरी नसती, म्हणजे या मुलींना स्तनाच्या कर्करोगासारखा एरवीही आढळणारा रोग झाला असता किंवा रसायन औषधाऐवजी अन्नातून आले असते, तर आठ रुग्णांवरून कोणालाच काही उमगले नसते.

हा नुसता तर्क नाही. डीडीटीच्या बाबतीत जवळजवळ तसेच घडले. डीडीटी आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध आहे का, हे नव्वदच्या दशकात तपासले गेले. कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांच्या रक्तातील डीडीटीच्या अवशेषांची तुलना झाली. १९९३ च्या एका अभ्यासात संबंध दिसला, पण १९९७ मध्ये त्याहून मोठ्या अभ्यासात दिसला नाही, आणि पुष्कळांनी प्रश्न मिटला असे मानले. कॅलिफोर्नियातील बार्बरा कोन यांनी मात्र वेगळा रस्ता धरला. तिथे ओकलंडच्या परिसरात १९५९ ते १९६७ या काळात, म्हणजे डीडीटीचा वापर ऐन भरात असताना, हजारो गरोदर स्त्रियांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले होते. ते रक्त तपासले तेव्हा चित्र पालटले. ज्या स्त्रियांचा डीडीटीशी संबंध वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आला होता आणि ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात पन्नाशीच्या आत होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका पाचपट आढळला. हा निष्कर्ष २००७ चा. २०१५ मध्ये त्याच स्त्रियांच्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वाधिक होता, त्या मुलींना वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याचा धोका, सर्वांत कमी प्रमाण असलेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ चौपट होता. आधीच्या संशोधकांनी हलगर्जीपणा केला नव्हता. त्यांनी रक्त घेतले ते रोगाच्या वयात, आणि परिणाम घडून गेला होता बालपणात किंवा आईच्या पोटात. चुकीच्या वेळी मोजले की संबंध नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झालेला संबंध निर्दोषत्वाचा दाखला म्हणून पुढे केला जातो.

प्रयोगशाळांतील कहाणीही फारशी वेगळी नाही. बोस्टनमध्ये ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळाले तरच झपाट्याने वाढतात, पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या काहीही न घालता वाढू लागल्या. अनेक महिन्यांच्या शोधानंतर दोष प्लास्टिकच्या परीक्षानळ्यांत निघाला. उत्पादकाने प्लास्टिकचे मिश्रण बदलले होते आणि कोणता घटक घातला हे सांगायला नकार दिला. मग या दोघांनी स्वतःच पृथक्करण करून तो नोनिलफेनॉल असल्याचे १९९१ मध्ये जाहीर केले. दोन वर्षांनी स्टॅनफर्डच्या संशोधकांना पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून, उष्णतेने निर्जंतुक करताना, बिस्फेनॉल ए पाझरताना आढळले. १९९८ मध्ये क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट यांच्या उंदरांच्या बीजांडांमध्ये गुणसूत्रे नीट न जुळण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवरून एकाएकी ४० टक्क्यांवर गेले. कारण एवढेच की फरशी पुसण्याच्या द्रावणाने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून धुतल्या गेल्या होत्या, आणि खराब झालेल्या प्लास्टिकातून बिस्फेनॉल ए सुटत होते. हे रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते हे डॉड्स यांनीच १९३६ मध्ये नोंदवले होते. तरी पुढे त्यापासून जगभर बाटल्या, डब्यांचे आतले लेप आणि पावत्यांचा कागद बनला. माहिती एका शाखेच्या ग्रंथालयात होती, वापर दुसऱ्या शाखेच्या कारखान्यात, आणि दोघांची गाठ पडायला अर्धे शतक लागले.

शोधण्याच्या रीती मुळात दोन. पहिली रासायनिक: नमुन्यातील रेणू वेगळे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरने वजनावरून ओळखायचे. ही रीत विलक्षण अचूक आहे, पण ती शोधते फक्त तेच, ज्याचा शुद्ध नमुना तुलनेसाठी हाताशी आहे. यादीत नसलेले रसायन यंत्रासमोरून निघून जाते. दुसरी रीत परिणामावरून शोधण्याची. सोटो यांनी आपल्या अडचणीतूनच अशी चाचणी बनवली: कर्करोगाच्या पेशींना नमुना द्यायचा आणि त्या वाढतात का पाहायचे. पुढे मानवी इस्ट्रोजेन ग्राही बसवलेले यीस्ट आले. इस्ट्रोजेनसारखे काही मिळाले की ते रंग बदलते. या रीतीला रसायनाचे नाव कळत नाही, मात्र नमुन्यात इस्ट्रोजेनसारखे काम करणारे एकूण किती आहे ते कळते, मिश्रणासकट. खरी ताकद दोन्ही एकत्र वापरण्यात आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधील नद्यांचे आहे. तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या अंगाला नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचे प्रथिन सापडू लागले. नराच्या शरीरात ते इस्ट्रोजेनवाचून सहसा बनत नाही. संशय कारखान्यांच्या रसायनांवर होता. जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी पाण्याचे अंश वेगळे करत प्रत्येक अंश यीस्टवर तपासला, तेव्हा १९९८ मध्ये निष्पन्न झाले की बहुतेक ठिकाणी मुख्य कारण माणसांच्या मूत्रातून आलेले नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिलइस्ट्राडायॉल हे होते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण तो अपेक्षेविरुद्ध गेला. चांगली चाचणी संशयिताला सोडूनही देते. पुढे कॅनडातील संशोधकांनी ऑन्टारिओतील एका प्रायोगिक तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे तेच गोळीतले इस्ट्रोजेन मुद्दाम मिसळले, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. तळ्यातील छोट्या मिनो माशांची संख्या जवळजवळ संपली. मिसळणे थांबल्यावर काही वर्षांनी मासे परतले.

समुद्रात हाच धडा आणखी स्वच्छपणे मिळाला, आणि तो आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन घालत. लिटरला एक-दोन नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही त्याच्यामुळे काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे जननेंद्रिय फुटते, आणि त्यांची वंशवेल खुंटते. फ्रान्समध्ये शिंपल्यांचा धंदा बुडाल्यावर १९८२ मध्ये निर्बंध आले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय पाण्यातील अशा विकृतीची नोंद प्रसिद्ध केली. ज्या गोगलगायीत ती आढळली तिचे शास्त्रीय नावच कोकणावरून पडलेले आहे, क्रोनिया कोंकणेन्सिस. या रंगांवरील जागतिक बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की यंत्रे इतकी सूक्ष्म झाली आहेत की कुठेही काहीही सापडते. सापडणे म्हणजे आजार नव्हे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरील २५१७ लोकांचे मूत्र तपासले आणि ९२.६ टक्के नमुन्यांत बिस्फेनॉल ए आढळले. हा आकडा ऐकून घाबरणे चूक आहे, हे मला मान्य आहे. त्यावरून कोण आजारी पडेल ते सांगता येत नाही. पण त्याच मोजमापातील अडचण उलट दिशेलाही काम करते. बिस्फेनॉल ए काही तासांत शरीराबाहेर जाते. एका सकाळच्या नमुन्यावरून एखाद्या बाईचा वर्षभराचा संपर्क ठरवला, तर पुष्कळ जणी चुकीच्या गटात पडतात, आणि अशा चुकीने खरा संबंधही संख्याशास्त्रात फिका पडतो. शिवाय मूत्रात हे रसायन बहुतेक जोडलेल्या रूपात असते. नेहमीच्या पद्धतीत ते गोगलगायीपासून मिळवलेल्या विकराने आधी सुटे करतात आणि मग मोजतात. २०१९ मध्ये काही संशोधकांनी जोडलेली रूपे थेट मोजली, तेव्हा त्यांनी तपासलेल्या गरोदर स्त्रियांत सरासरी प्रमाण राष्ट्रीय पाहणीतील आकड्याच्या ४४ पट आले. हे काम अगदी थोड्या नमुन्यांवरचे आहे आणि जुन्या पद्धतीच्या तज्ज्ञांना ते मान्य नाही. पण मोजण्याच्या पद्धतीवरच एवढा मतभेद असताना ‘प्रमाण नगण्य आहे’ हे वाक्य कोणी ठामपणे म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. शरीर स्वतःच कितीतरी प्रबळ इस्ट्रोजेन बनवते, सोयाबीनमध्ये वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने असतात, मग हजारो पटींनी दुबळ्या रसायनांची काळजी कशाला? सोयाबीनबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. नैसर्गिक म्हणून कोणत्याही रेणूला सूट देता येणार नाही, आणि तान्ह्या बाळाला दिवसातून सगळ्या वेळा सोयायुक्त दूध देण्याचा प्रश्न वेगळा अभ्यासावाच लागतो. मात्र ‘दुबळे’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे, की रसायने एकेकटी येतात. २००२ मध्ये लंडनमध्ये आंद्रेआस कोर्टेनकाम्प यांच्या गटाने आठ दुबळी इस्ट्रोजेनसदृश रसायने घेतली. प्रत्येकाचे प्रमाण असे ठेवले की एकट्याने त्याचा परिणाम दिसू नये. आठही एकत्र केल्यावर स्पष्ट परिणाम दिसला. आपले कायदे एकेका रसायनाची मर्यादा ठरवतात, आणि आपण जगतो ते मिश्रणात. त्यात पुन्हा मात्रा आणि परिणाम यांचा आलेख इथे नेहमी सरळ चढत नाही. संप्रेरकांचा तर तो स्वभावच आहे. ग्राही भरत गेले की पेशी प्रतिसाद कमी करते. म्हणून मोठ्या मात्रेवर प्रयोग करून खाली भागाकाराने काढलेली सुरक्षित मर्यादा काही रसायनांना लागू पडत नाही. किती रसायनांना, यावर शास्त्रज्ञांत खरा वाद आहे आणि पुढच्या प्रकरणांत तो दोन्ही बाजूंनी आलेला आहे.

तिसरा आक्षेप: तज्ज्ञांचेच एकमत नाही, मग सामान्य माणसाने काय मानावे? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल एची रोजची सुरक्षित मर्यादा २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम धरली होती. २०२३ मध्ये तिने ती ०.२ नॅनोग्रॅम केली, म्हणजे २० हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने हे अमान्य केले आणि स्वतःची मर्यादा २०० नॅनोग्रॅम ठेवली. दोन नामवंत संस्थांत हजार पटींचे अंतर, म्हणून हे शास्त्रच कच्चे आहे असा निष्कर्ष काढला जातो. मी तो काढत नाही. जर्मन आकडाही २०१५ च्या मर्यादेपेक्षा २० पट कडक आहे. वाद आहे तो मर्यादा किती खाली आणायची याचा. जुनी मर्यादा सैल होती यावर दोघांचेही एकमत आहे. त्याचबरोबर, या विषयाचा कैवार घेणाऱ्यांनी जपून बोलावे असेही मला वाटते. पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात पुरुषांच्या शुक्रजंतूंचे प्रमाण ५२.४ टक्क्यांनी घटले, असे २०१७ च्या एका बहुचर्चित विश्लेषणात आले. तो आकडा सर्रास या रसायनांच्या माथी मारला जातो. लठ्ठपणा, धूम्रपान, मोजण्याच्या पद्धतींतील फरक यांचा वाटा त्यातून वेगळा काढता आलेला नाही. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे तो ठणकावून सांगता यावा, यासाठी जिथे तो पातळ आहे तिथे गप्प राहायला हवे.

भारतातला भक्कम पुरावा केरळच्या कासरगोड जिल्ह्यातून आला. तिथल्या सरकारी काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जात होते. डोंगरावर बागा, उतारावर वस्ती, आणि प्यायचे पाणी उतारावरून वाहणाऱ्या झऱ्यांचे. आजार वाढल्याचे आधी स्थानिक डॉक्टरांच्या लक्षात आले. फवारणी थांबल्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या एका गावातील ११७ मुलगे आणि फवारणी न झालेल्या दुसऱ्या गावातील ९० मुलगे तपासले. सर्व १० ते १९ वयोगटातले. वयाचा फरक हिशेबात धरूनही, ज्यांचा संपर्क जास्त त्यांचे वयात येणे मागे पडलेले दिसले. त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी होते आणि वृषणांना ते बनवण्याचा आदेश देणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक जास्त होते. आदेश जातो आहे आणि काम होत नाही, अशी ही स्थिती. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा उत्पादकांच्या बाजूने त्याच्या आकारावर आणि पद्धतीवर टीका झाली. कासरगोडमधील प्रत्येक आजाराचे कारण एंडोसल्फान होते असे कोणीही सिद्ध केलेले नाही, हे खरेच आहे. पण या अभ्यासात रसायन, संप्रेरक आणि शरीर या तिन्हींची साक्ष एकाच दिशेला होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फवारणी सुरू झाल्यापासून बंदीपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ गेला, आणि त्यातल्या पहिल्या दोन दशकांत कोणी रक्ताचे नमुने जपून ठेवल्याचे दिसत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि भारतात तो सर्वांत गंभीर आहे: या रसायनांनी माणसे वाचवलीही आहेत. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यात डीडीटी बनत असे. शेतीत १९८९ पासून बंदी आली तरी हिवताप आणि काळा आजार पसरवणाऱ्या कीटकांसाठी ते वापरले गेले. ज्या घरात मूल हिवतापाने जाऊ शकते, त्या घराला पन्नास वर्षांनंतरच्या कर्करोगाची भीती घालणे निष्ठुरपणाचे ठरेल. म्हणून सरसकट बंदीची मागणी मी करत नाही. पण दोन धोक्यांची तुलना करायची तर दोन्ही पारडी भरलेली हवीत. एका पारड्यात हिवतापाचे मृत्यू मोजून टाकायचे आणि दुसरे पारडे कोणी मोजलेच नाही म्हणून रिकामे धरायचे, याला तुलना म्हणत नाहीत. घाईच्या बंदीतही हाच दोष शिरतो. ‘बिस्फेनॉल ए विरहित’ असे छापलेल्या पुष्कळ वस्तूंत त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल एस आला, आणि पेशींवरील चाचण्यांत तोही इस्ट्रोजेनसारखाच वागतो असे नंतर दिसले. नाव बदलले, काम तेच राहिले. परिणाम मोजणारी चाचणी बाजारात येण्याआधी सक्तीची असती तर हे टळले असते.

अशी चाचणी आणि रक्ताच्या नमुन्यांची साठवण आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे कोणी म्हणू नये. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. विषय पोषणाचा आणि मधुमेहाचा होता. त्या स्त्रियांचे रक्त जपून ठेवले होते, म्हणूनच मुले सहा वर्षांची झाल्यावर आईच्या गरोदरपणातील बी-१२ आणि फोलेट यांची सांगड मुलांच्या इन्सुलिनशी घालता आली. ग्रामीण महाराष्ट्रात, मर्यादित पैशांत हे झाले आहे. दुसरीकडे युरोपीय संघाने २०२० च्या पेयजल नियमांत बिस्फेनॉल एसाठी लिटरला २.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि इस्ट्राडायॉल व नोनिलफेनॉल यांच्यावर पाळत ठेवायला सुरुवात केली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात डीडीटी आणि एंडोसल्फान यांच्या मर्यादा आहेत, बिस्फेनॉल एचे नाव नाही, आणि पाण्याची एकूण इस्ट्रोजेनसदृश क्रिया मोजण्याची अटही नाही. ज्या गोष्टीची अट नाही ती कोणतीही महापालिका आपणहून मोजत नाही.

हे पुस्तक डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या अभियंत्यांच्या आणि निवडून आलेल्या सदस्यांच्या हाती पडेल अशी आशा आहे. त्यांना माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील एका तरी प्रसूती रुग्णालयात, संमती घेऊन, गरोदर स्त्रियांचे रक्त आणि मूत्र गोठवून ठेवण्याची सोय सार्वजनिक पैशाने व्हावी, आणि मोठ्या शहरांच्या पाण्याची वर्षातून निदान दोनदा पेशींवरील किंवा यीस्टवरील चाचणी होऊन तिचे आकडे मराठीत जाहीर व्हावेत. तुमच्या शहराच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हा यासाठी किती रक्कम धरली आहे, एवढे जरूर विचारा.